अडकली तर आधी मॅगझिन बघ

अगं, एवढं काय मनाला लावून घेतलंस? चांदमारीला कार्बाइन दोनदा अडकली, उस्ताद सगळ्यांदेखत ओरडले, मागच्या डिटेलमधली पोरं हसली, आणि आता तू म्हणतेस की हत्यार माझ्या हाताला बसतच नाही, मला ऑफिसातच ड्यूटी लावून द्या. खुळी आहेस का? आठशे मीटर धावून, लांब उडी मारून, गोळा फेकून पोलिसात भरती झालेली पोरगी तू. तीन-साडेतीन किलोचं लोखंड तुला भारी होणार आहे होय? बस इथे, चहा घे, आणि मी सांगते ते नीट ऐक.

खरं सांगू का, नऊ एमएमची कार्बाइन अडकली की दहातल्या नऊ वेळा पोरी स्वतःला दोष देतात आणि पोरं राउंडला शिव्या घालतात. दोघांचंही चुकतं. पहिला संशय घ्यायचा तो मॅगझिनचा. ते पत्र्याचं डबडं इतकं साधं दिसतं की त्याच्याकडे कुणी बघतच नाही. कार्बाइनला तेल लावतील, बॅरल आरशासारखी चकचकीत करतील, आणि मॅगझिन मात्र कोतातल्या, म्हणजे हत्यारखान्यातल्या, ढिगातून हाताला येईल ते उचलतील. मग रेंजवर अडकली की नशीब फुटकं म्हणायचं!

आधी आत काय चालतं ते समजून घे, म्हणजे भीती निम्मी जाईल. मॅगझिनच्या तळाशी स्प्रिंग असते, ती राउंडना वर ढकलते. स्प्रिंग आणि राउंडच्या मध्ये एक छोटी पाटी असते, तिला फॉलोअर म्हणतात. वर तोंडाशी पत्र्याच्या दोन वाकवलेल्या कडा असतात, त्यांना लिप्स म्हणतात. वरचा राउंड बाहेर उडू नये आणि योग्य कोनात बसून राहावा, हे त्या दोन कडांचं काम. बोल्ट पुढे येताना त्या वरच्या राउंडला मागून ढकलतो, राउंडचं नाक चेंबरच्या तोंडाशी लागतं आणि तो आत सरकतो. एवढंच. स्प्रिंग, लिप्स, बोल्ट, चेंबर, या चौघांपैकी एकाने काम चुकवलं की कार्बाइन थांबते. यात तुझ्या हाताचा दोष कुठे आला? असेल तर थोडासाच, आणि तोही सुधारण्यासारखा. त्याचंही सांगते पुढे.

तुला जी दिली होती ती वन-ए-वन ना? डाव्या बाजूने वाकडं मॅगझिन लागतं तीच. ती मूळची विलायतेतली स्टर्लिंग. जॉर्ज पॅचेट नावाच्या माणसाने ती बनवली, ब्रिटिश फौजेने १९५३ मध्ये घेतली, आणि आपल्याकडे ती कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनत आली. म्हणजे तुझ्या हातात असलेलं हत्यार तुझ्या आईच्याही आधी नोकरीला लागलेलं असू शकतं. कार्बाइन टिकते गं, मॅगझिन टिकत नाही. इतक्या वर्षांत ते किती वेळा सिमेंटवर पडलं, किती बुटांखाली आलं, किती गाड्यांच्या फळीवर आदळलं, याचा हिशोब कुठल्याच रजिस्टरला नाही.

पॅचेटने एक गोष्ट मात्र फार छान केली होती. त्याच्या आधीच्या स्टेनगनचं मॅगझिन सरळ होतं, ३२ राउंडचं, आणि अडकण्यासाठी बदनाम. सोल्जर लोक मुद्दाम दोन-चार राउंड कमी भरायचे. पॅचेटने ३४ राउंडचं वाकडं मॅगझिन केलं आणि आतल्या फॉलोअरला छोटे रोलर लावले, म्हणजे घर्षण कमी. वाकडं का, विचार ना! नऊ एमएमचा राउंड दिसायला सरळ नळीसारखा असला तरी बुडापासून तोंडाकडे किंचित निमुळता असतो. असे निमुळते राउंड एकावर एक रचत गेलं की रांग आपोआप वळते. जर्मन एमपी-५ ची मॅगझिनंसुद्धा आधी सरळ होती, १९७७ पासून ती वाकडी केली, त्यालाही कारण राउंड सुरळीत वर येण्याचंच.

आता कामाचं बघ. पुढच्या वेळी कोतातून मॅगझिन घेताना घाई करू नकोस. मागचा ओरडला तर ओरडू दे. मॅगझिन रिकामं आहे ना, ते आधी पाहा. मग तोंड डोळ्यांसमोर धर आणि दोन्ही लिप्स बघ. सारख्या उंचीच्या, सारख्या वाकलेल्या पाहिजेत. एक पसरलेली, दुसरी दबलेली असेल तर राउंड तिरका उठणार आणि नाक चेंबरच्या कडेवर आपटणार. लिपच्या मुळाशी केसासारखी बारीक भेग असते कधीकधी, ती उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही. मग बाजूच्या पत्र्यावरून बोटं फिरव. पोचा आला असेल तर बोटाला कळतो. पोचा आतल्या बाजूने राउंडला अडवतो. वरचे दहा-बारा राउंड झकास चालतात आणि नेमके मधले अडतात, तिथे असा पोचा असतो.

नंतर अंगठ्याने फॉलोअर खाली दाब. झटका न देता, हळूच. जाताना कुठे खरखरलं का? सोडल्यावर तो पूर्ण वर आला का, की अर्ध्यात रेंगाळला? रोलर फिरतात का? रेंगाळणारं मॅगझिन आतून घाण तरी असतं नाहीतर त्याची स्प्रिंग थकलेली असते. थकलेल्या स्प्रिंगची ओळख सांगू? पहिले राउंड नीट जातात, शेवटचे पाच-सहा येईनात. कारण बोल्ट धावतो वेगात आणि स्प्रिंग राउंडला वेळेवर वर आणत नाही. बोल्ट रिकामाच पुढे जातो आणि तुला वाटतं राउंड संपले. मॅगझिन काढून बघावं तर आत अजून चार शिल्लक.

आणि ते 'भरलेलं ठेवलं की स्प्रिंग मरते' हे सगळ्यांच्या तोंडी असतं ना? चांगली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी झिजत नाही. ती झिजते वारंवार भरण्या-रिकामं करण्याने, गंजाने आणि वयाने. म्हणून मॅगझिनला विश्रांती देण्याचा विचार सोड, तपासणीचा धर.

भरतानाही थोडी शिस्त पाहिजे. एकेक राउंड पुसून घे, बूड मागच्या भिंतीला टेकेल असा सरकव. सगळे भरून झाले की मॅगझिनची मागची बाजू तळहातावर दोन-तीनदा हलकेच ठोक, म्हणजे पुढे सरकलेले राउंड मागे बसतात. मग वरच्या राउंडवर अंगठा दाबून बघ. किंचित खाली जाऊन परत वर आला पाहिजे. अजिबात दबत नसेल तर कोंबून भरलंय, एक-दोन काढ. कोंबलेलं मॅगझिन लावतानाही त्रास देतं आणि पहिला राउंड उचलतानाही. तुझा अंगठा दुखतो म्हणालीस ना? सगळ्यांचाच दुखतो. या मॅगझिनसाठी भरायचं साधन असतं, फिलर म्हणतात, कोत हवलदाराकडे माग. लाजायचं नाही. बाईमाणूस म्हणून मागते असं कुणी म्हणालंच तर म्हणावं, तुमच्याही अंगठ्याचं कातडं बघू जरा.

आता तेलाचं. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, तेल जितकं जास्त तितकी माया जास्त. मी मॅगझिनच्या आत असं तेल सोडलं होतं की राउंड बाहेर येताना चकाकत होते! अगं, पुरणपोळीवर तूप सोडावं तसं हत्यारावर तेल सोडायचं नसतं. मॅगझिन आतून कोरडं पाहिजे, अगदी कोरडं. आतलं तेल धूळ धरतं, धुळीचा चिकट लगदा होतो आणि फॉलोअर त्यात अडकतो. शिवाय तेल झिरपून राउंडच्या बुडातल्या कॅपपर्यंत गेलं तर राउंड फुसका निघायचा. मॅगझिनचा तळ सरकवून उघडता येतो, तो कसा उघडायचा ते आर्मोररकडून, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडून, एकदा हाताने करून शिक. मात्र उघडताना स्प्रिंगवर अंगठा ठेव, नाहीतर ती उडून पलंगाखाली जाते आणि मग सगळी बरॅक रांगते. आतून सुती चिंदीने पूस. जुनी धुतलेली सुती साडी फाडून चिंद्या करून ठेव, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. टेरिकॉट नको, ते पुसत नाही, नुसतं फिरतं.

आपल्या बालाघाटचा पावसाळा तर तुला माहीतच आहे. बैहर, परसवाडा, गढीकडे सालाच्या जंगलात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथे लोखंड काय वाळणार? गस्तीवरून आल्यावर आंघोळीच्या आधी मॅगझिनं रिकामी कर, राउंड एका कोरड्या फडक्यावर पसर, दोन्ही पूस. पितळेवर हिरवट डाग दिसला तर तो राउंड बाजूला. पुंगळीला चेप आलेली, बुलेट हलत असलेली किंवा आत दबलेली, कॅप उंच बसलेली, असे राउंडही बाजूला. ते फेकायचे नाहीत हं, मोजून कोतात जमा करायचे. एकेका राउंडचा आणि एकेका पुंगळीचा हिशोब द्यावा लागतो, त्यात चालढकल केलीस तर अडकलेल्या कार्बाइनपेक्षा मोठं लचांड मागे लागेल.

राउंड कुठून येतात ठाऊक आहे? पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून नऊ एमएम बनून येतात. १८६९ सालचा कारखाना तो. आता २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया नावाच्या सरकारी कंपनीत गेलाय. कारखान्यातून आलेल्या पेटीवर लॉट नंबर असतो. तो बघून ठेवायची सवय लाव. एकाच लॉटचे राउंड दोन-तीन वेगवेगळ्या कार्बाइनमध्ये अडायला लागले तर दोष लॉटचा असू शकतो, आणि ते वर कळवायला तुझ्याकडे नंबर तर हवा! आणखी एक, तुमच्या युनिटला जेव्हीपीसी ही दुसरी कार्बाइन असेल तर तिचा राउंड वेगळा, ५.५६ बाय ३० चा. अंधारात, घाईत पाउचमध्ये दोन्ही मिसळू देऊ नकोस. पाउच वेगळा, जागा वेगळी.

हाताचा दोष म्हणाले होते ना, तो आता ऐक. तू कार्बाइन धरताना डावा हात कुठे ठेवतेस? मॅगझिनवर, हो ना? मला माहीत होतं. डावीकडे तो दांडा आयता दिसतो, मुठीत छान बसतो, म्हणून सगळे नवीन तिथेच धरतात. पण मॅगझिनला धरून खाली किंवा मागे ओढलं की ते आपल्या जागेत किंचित तिरकं होतं, लिप्सचा कोन बदलतो आणि राउंड नाकावर आपटतो. डावा हात पुढच्या भोकाभोकांच्या जाळीवर, म्हणजे बॅरल केसिंगवर ठेव. तिथे एक छोटं पत्र्याचं आडवण आहे, बोटं पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत जाऊ नयेत म्हणून. त्याच्या पुढेच हात राहू दे. बाहीचं बटण लावलेलं, वेणी बांधून आत, हातात कडं-बांगडी काही नको. कॉकिंग हँडल बोल्टबरोबर मागे-पुढे धावतं, त्याच्या वाटेत काही आलं तर कार्बाइनही थांबते आणि तुलाही लागतं.

आणि मॅगझिन लावलंस की खट आवाज ऐकून समाधान मानू नकोस. हलकेच बाहेर ओढून बघ. निघालं नाही म्हणजे बसलं. निम्म्या तक्रारी या एका ओढण्याने मिटतात, बघ.

तरीही अडकली, तर काय करायचं? आधी काय करायचं नाही ते सांगते. मागे वळायचं नाही. 'उस्ताद, हे बघा ना' म्हणत नळी सगळ्या रांगेवरून फिरवायची नाही. उस्ताद ओरडले ते याचसाठी ओरडले गं, अडकली म्हणून नाही. बोट ट्रिगरवरून बाहेर, नळी टारगेटकडेच, आणि दुसरा हात वर. रेंजवर एवढं केलंस की तू परीक्षेत पास. बाकीचं उस्तादांच्या हुकमाने.

हुकूम मिळाला की कॉकिंग हँडल कुठे थांबलंय ते बघ. तेच तुला आतली बातमी सांगतं. हँडल पूर्ण पुढे असेल आणि राउंड फुटला नसेल तर मॅगझिन रिकामं, किंवा नीट बसलेलं नाही, किंवा स्प्रिंग थकलेली, किंवा राउंड फुसका. फुसका असू शकतो म्हणून लगेच ओढाओढी नको. नळी टारगेटवर ठेवून थोडं थांब, उस्ताद सांगतील तितकं. कधीकधी राउंड उशिरा पेटतो. हँडल मध्येच अडलं असेल तर राउंड तिरका अडकलाय, किंवा रिकामी पुंगळी बाहेर पडली नाही, किंवा दोन राउंड एकदम आलेत. आणि हँडल जवळजवळ पुढे पण किंचित अलीकडे थांबलं असेल तर चेंबर घाण आहे किंवा राउंडला चेप आहे. तीन जागा, तीन प्रकारची कारणं. पाठ करायची गरज नाही, एकदा ड्रिल राउंड घालून उस्तादांसमोर करून बघितलंस की डोक्यात बसतं.

मग हँडल पूर्ण मागे, चेंज लीवर सेफवर, आणि लगेच मॅगझिन बाहेर. हा क्रम सोडू नकोस, कारण या कार्बाइनचा स्वभाव पिस्तूल-रायफलीपेक्षा उलटा आहे. ती ओपन बोल्टची आहे. बोल्ट मागे थांबतो, ट्रिगर दाबला की पुढे धावतो, राउंड उचलतो, चेंबरमध्ये घालतो आणि तिथेच फोडतो. म्हणजे मॅगझिन लागलेलं असताना बोल्ट हातातून सुटून पुढे गेला की राउंड सुटलाच. खाली करतानाही आधी मॅगझिन, मग डोळ्यांनी बॉडी आणि चेंबर बघायचं, आणि मगच हँडल हाताने धरून बोल्ट हळूच पुढे सोडायचा. आणि मॅगझिन लावलेली अशी कार्बाइन भिंतीला टेकवून उभी करायची नाही, गाडीत आपटू द्यायची नाही. धक्क्याने बोल्ट मागे सरकून पुढे आला तर राउंड सुटायची भीती असते.

बोल्ट मागे असताना खिडकीत बोट घालायचं नाही. चाकू, स्क्रूड्रायव्हर, काडी काहीही नाही. मी एकदा अडकलेली पुंगळी काढायला केसातला आकडा काढला होता. उस्तादांनी तो सगळ्यांसमोर जप्त केला आणि पुढे बरेच दिवस मला 'आकडेवाली' म्हणत. तुला तसलं नाव पडायला नको. मॅगझिन काढून कार्बाइन तिरकी केली, थोडी हलवली की बहुतेक वेळा सैल राउंड आपोआप पडतो. नाही पडला तर आर्मोरर. लिप्स पकडीने सरळ करणं, चेंबरच्या कडेला कानस लावणं, असले उद्योग कुणी शहाणा करून देतो म्हणाला तरी देऊ नकोस. पकडीने वाकवलेली एक लिप दहा मॅगझिनं बिघडवल्यासारखी असते, आणि चेंबर घासला की ती कार्बाइन गेली.

एक आवाज मात्र कायम लक्षात ठेव. राउंड फुटला पण 'धाड' न होता नुसतं 'फुस' झालं, धक्का कमी बसला, तर थांब. तिथेच थांब. नवीन मॅगझिन लावू नकोस, हँडल मारू नकोस. बुलेट बॅरलमध्ये अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सुटली तर बॅरल फुटते. हात वर कर आणि म्हण, आवाज बरोबर नव्हता. उगाच थांबवलं म्हणून कुणी हसलं तर हसू दे. बॅरल तपासून मगच पुढे.

तुला पुढे कधी एमपी-५ मिळाली किंवा पिस्तुलावर ड्यूटी लागली तर तिथली गोष्ट वेगळी. तिथे राउंड आधीच चेंबरमध्ये असतो. एमपी-५ मध्ये पूर्ण भरलेलं मॅगझिन बोल्ट पुढे असताना लावायला जड जातं, म्हणून बोल्ट मागे अडकवून मॅगझिन लावायचं आणि मग ओढून बघायचं. तिच्या चेंबरमध्ये बारीक उभ्या रेघा असतात, त्यात काजळी भरली की पुंगळी निघायला नखरे करते. तिथे ब्रश नीट फिरला पाहिजे. आणि गार्ड ड्यूटीत रोज भरणं, रोज खाली करणं असतं ना, तिथे तोच एक वरचा राउंड रोज चेंबरमध्ये आपटतो. आपटून आपटून त्याची बुलेट आत दबते. दबलेला राउंड अडतोही आणि फुटताना जास्त दाबही करतो. म्हणून तो दुसऱ्या राउंडशेजारी उभा करून उंची बघ, कमी वाटली तर बदलून माग. ड्यूटी हँडओव्हर करताना पुढच्या पोरीलाही सांग.

आता सगळ्यात कामाची युक्ती, आणि तिला काडीचाही खर्च नाही. तुझ्या मॅगझिनांवर नंबर टाक. कोताची परवानगी घेऊन तळाशी रंगाने एक, दोन, तीन. अडकली की कुठल्या नंबरच्या मॅगझिनात आणि कितव्या राउंडला, ते छोट्या डायरीत लिही. मग एका वेळी एकच गोष्ट बदल. मॅगझिन बदललं आणि कार्बाइन चालली, तर दोष मॅगझिनचा. तेच मॅगझिन दुसऱ्या कार्बाइनमध्येही अडलं, तर पक्कं त्याचंच. सगळी मॅगझिनं एकाच कार्बाइनमध्ये अडतात, तर दोष कार्बाइनचा, तिला आर्मोररकडे दे. सगळीकडेच अडतंय तर राउंडचा लॉट बघ. आपल्याकडे काय होतं, एकदा अडकली की मॅगझिन बदलतात, राउंड बदलतात, तेलही लावतात, सगळं एकदम. चालू तर होते, पण कशाने चालू झाली ते देवालाही कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या पोरीच्या हातात अडकते.

आपला जिल्हा कसा आहे, ते तुला मी काय सांगू? १५ डिसेंबर १९९९ ला किरनापूरकडच्या सोनपुरीत मध्य प्रदेशचे परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी हत्या केली. त्यानंतर राज्याने नक्षलवाद्यांशी लढायला हॉक फोर्स उभा केला. त्यांची लेक हिना पुढे लांजीची आमदार झाली, २०१९ मध्ये विधानसभेची उपाध्यक्षही झाली. इथल्या बायका घाबरून घरात बसल्या नाहीत, हे मला तुला सांगायचंय. मात्र धीर एकीकडे आणि तयारी एकीकडे असून चालत नाही. गस्तीवर कार्बाइन अडकली तर आधी आड घ्यायची, शेजारच्याला ओरडून सांगायचं आणि मग मॅगझिन बदलायचं. एकटीने शौर्य गाजवायचं नाही. पण हे तिथे सुचावं, तर हात इथे, लाईनीतल्या अंगणात, रिकाम्या कार्बाइनवर बसलेला पाहिजे.

आणि नवीन काही येतंय का विचारत होतीस. येतंय की. महूच्या इन्फंट्री स्कूलमधले लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याची एआरडीई ही हत्यारांची संशोधन संस्था यांनी मिळून अस्मी नावाची नऊ एमएमची मशीन पिस्तूल केली, २०२१ च्या जानेवारीत ती लोकांसमोर आली. वजन दोन किलोंच्या आत. आपल्या हातात कधी येईल तेव्हा येईल. आली तरी तिलाही मॅगझिन असणारच, आणि त्यालाही लिप्स असणारच. म्हणून आज शिकलेलं वाया जात नाही.

हे हत्यार बाहेरच्या कुणाला शिकवायचं किंवा दाखवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. नऊ एमएम सामान्य माणसाच्या लायसन्सवर मिळत नाही, तो निषिद्ध बोअर आहे. भाऊ म्हणाला फोटो काढू, तर कान पकड त्याचा.

उद्या सकाळी कोतात जा. दोन मॅगझिनं घे, लिप्स बघ, फॉलोअर दाबून बघ, आतून कोरडी चिंदी फिरव. जे खराब निघेल त्यावर लाल रंगाची खूण कर, रजिस्टरमध्ये लिहून घे आणि आर्मोररच्या हातात दे. एवढं मात्र नक्की कर गं, खराब मॅगझिन गुपचूप परत ढिगात टाकू नकोस. ते उद्या कुणातरी तुझ्यासारखीच्याच हातात जाणार आहे.